भावनांची माफी नको, चुकीची दुरुस्ती हवी

बातमीत आकडा चुकला तर बातमीदाराला जाब द्यावा लागतो. संपादकीय पानावरच्या राजकीय स्तंभात तोच आकडा चुकला तर ते 'लेखकाचे वैयक्तिक मत' ठरते. मत ज्याचे त्याचे असते हे आम्हालाही मान्य आहे. पण संविधानाच्या कलमात काय लिहिले आहे हा मताचा प्रश्न नाही. ते पुस्तक उघडून बघता येते.

'आरक्षण फक्त दहा वर्षांसाठी होते, राजकारण्यांनी मतांसाठी ते लांबवले.' हे वाक्य तुम्ही किती स्तंभांत वाचले असेल? दहा वर्षांची मुदत आहे ती कलम ३३४ मध्ये, आणि ते कलम लोकसभा व विधानसभांतल्या राखीव जागांपुरते आहे. संसदेने ती मुदत वेळोवेळी घटनादुरुस्ती करून वाढवली. २०१९ च्या १०४ व्या घटनादुरुस्तीने ती जानेवारी २०३० पर्यंत नेली. नोकरीतले आरक्षण कलम १६(४) मधून येते. शिक्षणासाठीचे कलम १५(४) हे १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आले. या दोन्ही कलमांत मुदतीचा एक शब्दही नाही.

पुढे असेही लिहिले जाते की बाबासाहेबांनाच दहा वर्षे पुरेशी वाटत होती. २५ ऑगस्ट १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितले होते की व्यक्तिशः आपण अधिक मुदतीचा आग्रह धरायला तयार होतो. हे कामकाज छापील स्वरूपात उपलब्ध आहे. स्तंभलेखकाला ते मिळत नाही असे नाही, त्याला ते उघडण्याची गरज वाटत नाही.

दुसरे उदाहरण ॲट्रॉसिटी कायद्याचे. निर्दोष सुटलेल्यांची संख्या द्यायची आणि 'इतक्या केसेस खोट्या निघाल्या' असे लिहायचे, ही जुनी रीत आहे. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना ठार मारण्यात आले. आरोपींना खुनासाठी शिक्षा झाली, पण ॲट्रॉसिटी कायद्याखालचा आरोप न्यायालयात टिकला नाही. म्हणून खैरलांजी खोटी ठरते का? साक्षीदार फुटतात, तपास ढिला होतो, पंचनामे अर्धवट राहतात. सुटका आणि खोटी तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कायद्याच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल.

कोणती चूक दुरुस्त होते आणि कोणती होत नाही, यालाही एक उतरंड आहे. पिंजौर घ्या. चंदीगडपासून जवळ असल्यामुळे हे गाव चंदीगडचेच समजले जाऊ शकते. प्रत्यक्षात ते हरियाणाच्या पंचकुला जिल्ह्यात आहे. असली चूक छापली गेली तर दोन ओळींची दुरुस्ती द्यायला कोणाचीच हरकत नसते, कारण त्यात कोणाचे काही जात नाही. याच पिंजौरमध्ये सरकारी मालकीच्या एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना होता, १९७१ मध्ये सुरू झालेला. २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ट्रॅक्टर विभाग बंद करायला मंजुरी दिली. सरकारी कारखाना बंद झाला की त्यातल्या खुल्या जागा जातात आणि राखीवही जातात. 'आरक्षणाने नोकऱ्या खाल्ल्या' असे लिहिणाऱ्यांच्या हिशोबात असे कारखाने येत नाहीत. जे गाळले गेले त्याची दुरुस्ती मागायची तरी कोणाकडे?

दुरुस्ती झालीच तर ती कशी होते, तेही बघा. कधी संकेतस्थळावरचे वाक्य गुपचूप बदलले जाते आणि छापील अंक तसाच राहतो. कधी आपले पत्र 'वाचकांची मते' या सदरात लागते, म्हणजे कलम ३३४ हेही एक मत होऊन जाते. आणि कधी दिलगिरी येते ती भावनांबद्दल. १७ मार्च २०१६ रोजी 'लोकसत्ता'ने मदर तेरेसांवर 'असंतांचे संत' हा अग्रलेख छापला आणि दुसऱ्या दिवशी वाचकांच्या भावना दुखावल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करून तो मागे घेतला. त्यातले नेमके कोणते विधान चुकीचे होते, की कोणतेच नव्हते, हे वाचकाला कळायला हवे होते. भावनांची माफी दबावापुढे मागितली जाते. चुकीची दुरुस्ती पुराव्यापुढे करावी लागते. ज्यांच्याकडे दबाव नाही, फक्त पुरावा आहे, त्यांच्या वाट्याला दोन्ही येत नाही.

हे आम्ही तुम्हाला सांगतो आहोत, कारण याची किंमत तुम्ही मोजता. घरातले पहिले पदवीधर म्हणून तुम्ही स्पर्धा परीक्षेसाठी हेच स्तंभ कापून वहीत चिकटवता. घरात कोणी सांगणारे नसते की हे तपासून घे. मग हॉस्टेलवर, मुलाखतीत, ऑफिसात कोणी 'दहा वर्षांचे होते ना?' म्हणाले की आपण गप्प बसतो, कारण पेपरात आले होते.

गप्प बसायचे कारण नाही. वृत्तपत्र परिषदेचे आचारसंकेत सांगतात की चूक लक्षात येताच ठळकपणे दुरुस्त केली पाहिजे. आधी संपादकाला लिहा: तारीख, पान, चुकीचे वाक्य, बरोबर काय, पुरावा. भावना लिहू नका, कलम लिहा. उत्तर आले नाही तर दैनिकाबाबत प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत परिषदेकडे तक्रार करता येते. परिषद दंड करू शकत नाही, फार तर समज देते किंवा ठपका ठेवते. तरीही नोंद राहते, आणि नोंदीला किंमत असते.

१९२० मध्ये 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नव्हती. बाबासाहेबांनी स्वतःचे पत्र काढले आणि इतरांनी काय लिहिले त्याचा समाचारही त्यातूनच घेतला. दोन्ही कामे आजही आपलीच आहेत. आणि हाच नियम आम्हालाही लागू आहे. या पानावर तथ्य चुकलेले दिसले तर लिहा. दुरुस्ती त्याच लेखाच्या डोक्यावर, तारखेसह लागेल.

जय भीम.