विमा पैसे देतो, पिस्टन रिंग देत नाही



‘भूकंपाची तयारी हा बड्या कंपन्यांचा विषय; लहान कारखानदाराला विमा पुरे’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे मला अजिबात पटले नाही. विम्याचे पैसे मिळतात, पण सावकाश. तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे गेलेले असते.

१६ जुलै २००७ रोजी जपानच्या निइगाता भागात भूकंप झाला. काशिवाझाकीच्या रिकेन कंपनीतली यंत्रे जागची हलली आणि पिस्टन रिंग बनणे थांबले. हातात मावणारी ती कडी. पण तिच्यावाचून इंजिन जुळेना आणि टोयोटासह अनेक मोटार कंपन्यांना उत्पादन रोखावे लागले. शेवटी याच कंपन्यांनी आपली शेकडो माणसे मदतीला धाडली, तेव्हा आठवड्याभरात काम पुन्हा सुरू झाले. माझ्या शेडसाठी कोण धावून येणार?

आमचे कराड कोयनेपासून असे किती लांब? ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाची पहाट इथल्या घरांत अजून सांगितली जाते. ते पत्र वाचून मी शेडमध्ये फिरलो. तीस किलोची डाय मांडणीच्या सर्वांत वरच्या फळीवर, बरोबर खाली कामगाराचे स्टूल. लेथला अँकर बोल्ट नाहीत. सगळी ड्रॉइंग एकाच संगणकात. डाय त्याच दिवशी खाली उतरवली, रविवारी बोल्टसाठी कोबा फोडला, ड्रॉइंगची एक प्रत पुण्याला भावाकडे ठेवली. सगळा खर्च महिन्याच्या वीजबिलाहून कमी. तपासणीचे गेज मात्र अजून एकच आहे. दुसरे करायला टाकले आहे.

— एक लघुउद्योजक, कराड