उत्तर मिळालं, नोंद कुठे आहे?

‘विविधज्ञानविस्तारा’च्या अमुक अंकातलं एक पान कुणाकडे मिळेल का? अभ्यासकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असे प्रश्न हल्ली सारखे पडत असतात. विचारणारा कधी नांदेडचा विद्यार्थी असतो, कधी परदेशात शिकवणारी प्राध्यापक, तर कधी निवृत्तीनंतर गावाचा इतिहास लिहायला बसलेले आजोबा. हे मासिक 1867 साली निघालं आणि 1937 पर्यंत चाललं. त्याच्या फायली मोजक्या ग्रंथालयांत आहेत, त्याही कुठे अर्ध्यामुर्ध्या, कुठे कसर लागलेल्या. पूर्वी एका पानासाठी आधी पत्र टाकायचं, उत्तराची वाट बघायची आणि मग एसटी पकडायची. आता तासाभरात फोटो येतो.

मागे असाच एक फोटो माझ्या फोनवर आला. पानावर ग्रंथालयाचा जांभळा शिक्का, शाईने लिहिलेला दाखल क्रमांक, कोपऱ्यात पान दाबून धरलेला अंगठा. पाठोपाठ दुसरा फोटो आला आणि त्याखाली ग्रंथपालबाईंची एक ओळ: “या लेखात एक साल चुकलं होतं. लेखकाने पुढच्या एका अंकात दुरुस्ती छापली आहे, तीही पाठवते.” ते दुसरं पान मी मागितलंच नव्हतं. ते आहे हेच मला ठाऊक नव्हतं, तर मागणार कसं? वर्षानुवर्षं त्या फायली हाताळणाऱ्या माणसालाच हे माहीत असतं. डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. वाचकाचा वेळ वाचवा, हे त्यातलं चौथं. बाईंनी माझा वेळ तर वाचवलाच, वर माझ्या लेखातली एक चूकही होण्याआधीच थांबवली. अव्वल दर्जाची संदर्भसेवा म्हणतात ती हीच.

मला काळजी आहे ती पुढची. हे उत्तर रविवारी, बाईंच्या स्वतःच्या फोनवरून, त्यांच्याच डेटा पॅकमधून आलं आणि ग्रुपवरच्या शुभेच्छांच्या फुलांखाली दबून गेलं. काही महिन्यांनी दुसऱ्या कुणी तेच पान मागितलं, तेव्हा भलत्याच एका सदस्याने आपल्याकडे साठवलेला फोटो पुढे पाठवला. फक्त पहिला. दुरुस्तीचं पान मागेच राहिलं. मी ते लगेच पाठवलं, पण मी त्या दिवशी ग्रुप उघडला नसता तर चुकीचं साल एखाद्या प्रबंधात जाऊन बसलं असतं आणि तिथून पुढे दहा ठिकाणी.

जगभर हेच चालतं. 2011 पासून ट्विटरवर #आयकॅनहॅझपीडीएफ या हॅशटॅगखाली संशोधक एकमेकांकडे महागड्या नियतकालिकांतले लेख मागू लागले. लेख मिळाला की मागणीचं ट्विट पुसून टाकायचं, असा तिथला रिवाज. कॉपीराइटची भीती होती, ते समजू शकतं. पण कोणत्या विषयाच्या माणसाला कोणता लेख मिळत नव्हता, ही ग्रंथालयांच्या फार उपयोगाची माहितीही त्याबरोबर पुसली गेली. आपल्याकडे आता ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मुळे 2025 पासून सरकारी उच्चशिक्षण संस्थांना हजारो नियतकालिकं खुली झाली आहेत. कोणत्याही संस्थेत नसलेल्या अभ्यासकाला मात्र अजूनही कुणाच्या तरी ओळखीचाच आधार आहे.

संशोधकांनाही एक सांगायचं आहे. फेसबुकवर मोडी कागदांचे फोटो टाकले जातात, लोक उत्साहाने वाचन करून देतात, एखादं अडलेलं अक्षर पाचजण मिळून सोडवतात. हे पाहताना मन भरून येतं. पण कागद कुठला? पेशवे दफ्तरातला असेल तर कोणत्या रुमालातला? घरातला असेल तर कोणाच्या? बहुतेक वेळा काहीच लिहिलेलं नसतं. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड काढले, आणि कागद कुठे, कुणाकडे मिळाला हेही सांगत गेले. ठावठिकाणा नसलेला कागद कितीही सुंदर असला तरी त्याच्यावर इतिहास उभा करता येत नाही.

आणि या जागा तरी कायमच्या कुठे आहेत? ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 रोजी बंद झालं. ट्विटरचं 2023 मध्ये एक्स झालं, आणि त्यावरचा मजकूर अभ्यासासाठी फुकट मिळण्याची वाटही त्याच वर्षी बंद झाली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 2010 मध्ये सगळी सार्वजनिक ट्विट जपायचा संकल्प सोडला होता. 2017 च्या अखेरीस त्यांनी जाहीर केलं की यापुढे फक्त निवडक जपू. एवढ्या मोठ्या ग्रंथालयाची ही कथा, तर आपल्या ग्रुपवरची उत्तरं कोण जपणार?

ग्रंथपालांनी खासगी फोन आणि ग्रंथालयाचं काम वेगळं ठेवावं, असं काहीजण सांगतात. मला ते पटत नाही. वाचक विश्वास टाकतो तो माणसावर, संस्थेच्या पेजवर नाही, आणि बहुतेक पेजवर जयंतीचे हार घातलेले फोटोच असतात. पण मग त्या माणसाची किंमत करा. महाराष्ट्रात 1967 च्या कायद्याखाली अनुदान घेणारी 11 हजारांहून अधिक सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. त्यातल्या ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयात बहुधा एकच माणूस दार उघडतो, देवघेव करतो, झाडतो आणि रात्री अकराला आलेल्या मेसेजलाही उत्तर देतो. त्याचं मानधन किती तुटपुंजं आहे हे सगळ्यांना माहीत आहे.

संस्थाचालकांनी ग्रंथालयाच्या नावाचा एक फोन आणि एक सिमकार्ड घ्यावं. शेजारी एक साधी वही असावी: प्रश्न काय, उत्तर काय, कोणत्या दाखल क्रमांकाच्या ग्रंथात सापडलं, सोबत आणखी काय पाहावं. ग्रंथपाल बदलला तरी वही तिथेच राहील. आणि वार्षिक अहवालात सभासद, ग्रंथसंख्या, देवघेव यांचे आकडे देतोच, तिथे फोनवरून दिलेल्या संदर्भसेवेचा एक रकाना वाढवायला ग्रंथालय संचालनालयाने हरकत घेऊ नये. अनुदान ठरवताना तो रकानाही वाचला जावा.