व्हीसीआर आधी, सॉफ्टवेअर नंतर

गेल्या महिन्यात सांगलीतल्या विश्रामबागचा एक मुलगा लॅपटॉप बगलेत मारून दुकानात आला. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट प्रश्न. "काका, कुठलं सॉफ्टवेअर टाकू?" आई-वडिलांच्या लग्नाला तीस वर्षं होतायत, त्या दिवशी सगळ्यांना टीव्हीवर ते लग्न दाखवायचं, असा बेत. त्यासाठी सहा-सातशे रुपयांची कॅप्चरची काडी ऑनलाइन मागवली, मामाच्या माळ्यावरचा व्हीसीआर खाली काढला आणि चार सॉफ्टवेअर बदलून पाहिली. चारही वेळा तेच. नवरदेवाचा हात हलला की कडेला कंगव्याचे दात दिसायचे, आणि अंतरपाट खाली आल्यावर दोन सेकंदांनी भटजींचं 'सावधान' ऐकू यायचं.

मी म्हटलं, "सॉफ्टवेअर राहू दे. व्हीसीआर कुठाय?"

"तो घरी आहे. त्याचं काय?"

त्याचंच तर सगळं आहे.

मी मूळचा कोरेगावचा, पण १९९१ पासून सांगलीत लग्नाचं शूटिंग करतो. आता नव्या लग्नांना ड्रोनवाली पोरं जातात, आणि माझ्याकडे कराड, तासगाव, वाई, कुठून कुठून लोक कॅसेटची पिशवी घेऊन येतात. कॅसेट कॉम्प्युटरवर घेऊन द्यायची. दहापैकी आठजणांचा पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा असतो, कारण ते फुकट मिळतं आणि बसल्या जागी बदलता येतं. व्हीसीआर बदलायचा तर जुन्या बाजारात हिंडावं लागतं.

व्हीएचएस कॅसेट लावली की आत ६२ मिलिमीटर व्यासाचा एक ड्रम सेकंदाला २५ फेऱ्या मारायला लागतो. त्याच्यावरची हेडं फितीवरच्या तिरक्या, केसाहून बारीक पट्ट्या वाचत जातात. तीस वर्षांची फीत ताणलेली असते, रबरी बेल्ट सैल पडलेला असतो, त्यामुळे चित्राची एक ओळ वेळेवर येते, पुढची जरा उशिरा. जुना काचेचा टीव्ही ही थरथर सांभाळून घ्यायचा. कॉम्प्युटर घेत नाही. स्वस्तातली काडी गोंधळली की ती फ्रेमच सोडून देते. चित्राच्या फ्रेम गळत गेल्या, आवाज मात्र पुरा राहिला, की भटजी मागे पडतात. याला जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर काय करणार? जे आत आलंच नाही ते लिहून कसं ठेवणार?

त्यामुळे माझा हिशेब असा. शंभर रुपये असतील तर साठ व्हीसीआरवर घाला, तीस कॅप्चरच्या डब्यावर, दहा चांगल्या वायरीवर. सॉफ्टवेअरला शून्य. शेवटचे व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं, म्हणजे आज हातात येणारा प्रत्येक व्हीसीआर जुनाच. एस-व्हीएचएसचं मशीन मिळालं आणि त्यात टाइम बेस करेक्टर असला, तर देव पावला. चित्र बाहेर पडण्याआधीच तो ती थरथर सरळ करतो. नसेल तर व्हीसीआर आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये एखादा जुना डीव्हीडी रेकॉर्डर नुसता जोडून बघा. डिस्क घालायची नाही, चित्र फक्त त्याच्यातून जाऊ द्यायचं. काही मॉडेलं एवढ्यानंही चित्र शहाण्यासारखं उभं करतात. भंगारात जाणाऱ्या वस्तूचा याहून चांगला उपयोग मी पाहिला नाही.

त्या मुलानं मग घरून व्हीसीआर आणला. झाकण उघडलं तर हेड काळं पडलेलं. कोऱ्या कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवली, ड्रमला हलकेच टेकवली आणि ड्रम हातानं फिरवला. कागदावर तपकिरी रेघ उमटली. पुन्हा नवा कागद, पुन्हा रेघ, तिसऱ्याला कागद स्वच्छ. मुलगा म्हणाला, "मी कानाच्या काडीनं पुसणार होतो." बरं झालं नाही पुसलं. कापसाची काडी वरखाली फिरवली की धागा अडकून हेड तुटतं, आणि हेड तुटलं की ते मशीन दारात कुंडी ठेवायच्या कामाचं.

आता कंगव्याचे दात. आपल्याकडची चित्रपद्धत पाल. तिच्यात ५७६ ओळी दिसतात, पण त्या एकदम येत नाहीत. आधी एक सोडून एक, मग राहिलेल्या, अशी सेकंदाला ५० अर्धी चित्रं, म्हणजे २५ पुरी. दोन अर्ध्यांच्या मधल्या वेळात नवरदेवाचा हात पुढे सरकलेला असतो, म्हणून कडा करवतीसारखी दिसते. ही खोट नव्हे, ती पद्धतच तशी. कॅप्चर करताना आहे तसं घ्यावं आणि नंतर सावकाश सरळ करावं. या दोन्ही कामांना मी अजून व्हर्च्युअलडब हे सॉफ्टवेअर वापरतो. दिसायला सरकारी फॉर्मसारखं, पण किती फ्रेम गळल्या त्याचा आकडा समोर दाखवतं. आकडा शून्य राहिला तर चहाला जायचं, हलला तर वायर बघायची. नुकसान न होणाऱ्या हफवाययूव्ही पद्धतीनं घेतलं तर तासाला तीसेक जीबी जागा जाते. तीन तासांच्या लग्नाला शंभर जीबी धरा. गेमिंगचा लॅपटॉप लागत नाही, दहा वर्षांचा डेस्कटॉप चालतो, फक्त त्या वेळात त्याच्यावर दुसरं काही करायचं नाही आणि विंडोजचं अपडेट आधी उरकून घ्यायचं.

ओबीएस स्टुडिओ सगळ्यांना ठाऊक आहे. फुकट आहे, चांगलं आहे, शिकवणीचे मास्तर त्याच्यावरच धडे रेकॉर्ड करतात. पण ते मुळात थेट प्रक्षेपणासाठी नि स्क्रीन रेकॉर्ड करण्यासाठी केलेलं आहे. कॅसेटला वापरायचंच तर एक खूण लक्षात ठेवा. ते उघडल्यावर बहुधा सेकंदाला ३० किंवा ६० फ्रेम लावलेलं असतं, अमेरिकेच्या हिशेबानं. आपली कॅसेट २५ ची, म्हणजे ५० अर्ध्या चित्रांची. ते ५० करा आणि डीइंटरलेसिंग, म्हणजे ते कंगव्याचे दात सरळ करणं, चालू करा, नाहीतर वरात पावलापावलाला ठेचकाळते. आणि एमपी-फोरऐवजी एमकेव्हीमध्ये घ्या. साध्या एमपी-फोरची अनुक्रमणिका फाइल बंद होताना लिहिली जाते. मध्येच लाइट गेली की दोन तासांचं रेकॉर्डिंग असून नसल्यासारखं. एमकेव्ही जिथवर आलं तिथवर वाचतं. ज्या सॉफ्टवेअरच्या घरी लाइट जात नाही, त्याच्या सवयी आपण जशाच्या तशा घेऊ नयेत.

छोट्या मिनी-डीव्ही कॅसेटचं गणित वेगळं. ती डिजिटल असते. तिच्यावर आकडेच आहेत, ते फायरवायरच्या वायरीनं जसेच्या तसे उतरवायचे, तासाला साधारण १३ जीबी. तरीही लोक हॅन्डीकॅमला पिवळी-पांढरी-लाल वायर लावून घेतात, म्हणजे छापील पुस्तक हातानं उतरवून काढायचं. अडचण एवढीच की फायरवायर आता नव्या कॉम्प्युटरला नसते, आणि ॲपलने तर २०२५ च्या मॅकओएसमधून तिचा आधारच काढून टाकला. घरातला जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याला देण्याआधी त्याच्या पाठीमागे एकदा बघा.

भिजलेल्या कॅसेटींचं आणखी वेगळं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ ची. पाणी ओसरल्यावर लोकांनी गाद्या, धान्य, फ्रिज रस्त्यावर काढले, त्या ढिगाऱ्यांत मी कॅसेटी पाहिल्या. काहींनी त्या उन्हात वाळवून, गाळ झटकून, व्हीसीआरमध्ये घालून पाहिल्या आणि कॅसेट नि मशीन दोन्ही घालवली. गाळ वाळला की तो फितीला चिकटतो. भिजलेली कॅसेट वाळू न देता स्वच्छ पाण्यानं, शक्यतो डिस्टिल्ड वॉटरनं धुवायची, सावलीत वाळवायची, हेअर ड्रायर लावायचा नाही आणि जाणकाराला दाखवल्याशिवाय चालवायची नाही. त्या आठवड्यात हे सांगणारं कुणी नव्हतं. मीही नव्हतो, माझंच दुकान पाण्यात होतं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. घरच्या लग्नाचं घरचे बघून घेतील. पण सांगली नि सातारा या दोन जिल्ह्यांत ज्या सार्वजनिक कॅसेटी आहेत त्यांचं काय? विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, त्याचं चित्रण नाही, आणि त्यांना सबब आहे. १९९३ मध्ये भावे नाट्यमंदिरात झालेल्या एकांकिकेला ती सबब नाही. असल्या स्पर्धा मी स्वतः शूट केल्यात, तसंच साताऱ्याच्या शाहू कला मंदिरातले कार्यक्रमही. कवलापूरच्या काळू-बाळूंचा तमाशा, बावधनचं बगाड, मिरजेच्या दर्ग्यातलं गाणं यांतलं कुणी ना कुणी, कधी ना कधी घेतलेलं असणारच. त्या कॅसेटी आज कुणाच्या तरी कपाटात, पांढरी बुरशी धरून पडल्या असतील. दरवर्षी ५ नोव्हेंबरला सांगलीत रंगभूमी दिन होतो, विष्णुदास भावे पदक दिलं जातं, भाषणांत वारसा हा शब्द असतोच. एखाद्या वर्षी त्याच दिवशी बाहेर टेबल मांडून 'कॅसेटी आणून द्या' म्हणायला काय हरकत आहे?

माझं म्हणणं असं की सांगलीच्या नि साताऱ्याच्या नगर वाचनालयात एकेक पुरा संच असावा. दोन व्हीसीआर, त्यातला एक सुट्या भागांसाठी. एक मिनी-डीव्ही कॅमेरा, बरा कॅप्चर डबा, फायरवायरचा जुना डेस्कटॉप, दोन हार्ड डिस्क, एक इथे आणि एक दुसऱ्या गावात. शेवटची अट पूर पाहिलेल्या माणसाची आहे, तिच्यावर वाद नको. माझ्या अंदाजानं तीस-चाळीस हजारांत हे बसतं. एवढ्या पैशात आपल्याकडे उद्घाटनाचा मंडप होतो. चालवणार कोण, असं विचारतील. माझ्यासारखे निम्मे रिकामे बसलेले शूटिंगवाले दर तालुक्यात आहेत, त्यांना विचारा. नाटकाचे हक्क कुणाचे, असंही विचारतील, आणि तो प्रश्न रास्त आहे. पण दाखवण्याचे हक्क नंतर मिटवता येतात. बुरशीला तेवढा धीर नाही.

तोवर घरच्या घरी एवढं तरी करा. कॅसेटच्या पाठीवर डाव्या कोपऱ्यात प्लास्टिकचा छोटा टॅब असतो, तो मोडून टाका, म्हणजे चुकून त्याच्यावर रेकॉर्डिंग होणार नाही. आणि कॉम्प्युटरवर घेऊन झालं तरी कॅसेट फेकू नका. हे मी कुठल्या तोंडानं सांगतो ते आता सांगतो.

दोन वर्षांपूर्वी साताऱ्याहून एक बाई आल्या. पोवई नाक्याजवळ राहतात. १९९६ मधलं त्यांचं लग्न मीच शूट केलेलं. वडील शिक्षक होते, त्यांनी मुलीच्या लग्नाची मंगलाष्टकं स्वतः रचून स्वतः म्हटली होती. ते गेले, आता तो आवाज हवा होता. मी कॅसेट लावली. बदामाच्या आकारात नवरा-नवरी, चारी कोपऱ्यांत फुलं, आणि आवाजाच्या जागी त्या वर्षीचं गाजलेलं सिनेमाचं गाणं. त्याला आम्ही मिक्सिंग म्हणायचो आणि त्याचे वेगळे पैसे घ्यायचो. पडद्यावर गुरुजी हातात कागद धरून म्हणतायत, ओठ हलतायत, ऐकू येतंय गाणं.

"मूळ कॅसेट असेल ना तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं.

नव्हती. कोरी कॅसेट तेव्हा आम्हाला महाग वाटायची. त्या कॅसेटवर पुढच्या आठवड्यात मी मिरजेचं एक बारसं घेतलं होतं.

बाई काही बोलल्या नाहीत. मी कॅसेट तशीच चालू ठेवली, कारण ती पुरी शेवटपर्यंत घ्यायची ही माझी सवय आहे. 'शुभविवाह संपन्न' ही पाटी गेली, गाणं संपलं, पडदा निळा व्हायला हवा होता. तो झाला नाही. मिक्सिंग करताना रेकॉर्डिंग बंद करायला मी विसरलो होतो. मांडव रिकामा, पोरं खुर्च्या रचतायत, कॅमेरा कुणाच्या तरी हातात लोंबकळतोय म्हणून फरशी दिसतेय. आणि बाजूनं आवाज येतो, "अहो शूटिंगवाले, ठेवा ते खाली. जेवून घ्या आधी, जिलेबी संपत आली."

अकरा सेकंद. त्यांनी ते सहा-सात वेळा ऐकलं. मग तेवढंच वेगळं काढून मागितलं, मोबाइलवर चालेल असं. मी एमपी-फोरही दिलं आणि एमकेव्हीही दिलं, पैसे घेतले नाहीत, आणि कॅसेटचा टॅब मोडून ती त्यांच्या पिशवीत ठेवली.