चेहरा सोलण्यापूर्वी

संत्रे सोलावे, भुईमुगाच्या शेंगा सोलाव्यात, हे आपण समजू शकतो. पण चेहरा सोलावा? विद्यार्थी मित्रांनो, ‘केमिकल पील’ म्हणजे नेमके हेच. त्वचेवर आम्ल लावून तिचा वरचा थर काढून टाकणे, असा हा उपचार आहे. तो त्वचारोगतज्ज्ञांनी दवाखान्यात करावयाचा. परंतु आता अशा आम्लांच्या बाटल्या घरपोच मिळतात आणि उजळ कांतीचे आश्वासन देणाऱ्या जाहिराती तुमच्यासारख्यांच्या मोबाइलवर येतात. माझा विरोध उपचाराला नाही, या घरगुती प्रयोगाला आहे. तो का, हे समजण्यासाठी थोडे विज्ञान पाहू.

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. शरीराच्या बहुतेक भागांवर त्याची जाडी अवघी १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी असते. भिंतीत विटा रचाव्यात तशा या पेशी एकमेकींना चिकटलेल्या असतात. खालून नव्या पेशी वर सरकतात, वरच्या जुन्या गळून पडतात. हा फेरा सुमारे चार आठवड्यांचा. म्हणजे त्वचा स्वतःच स्वतःला सोलत असते!

उसात आढळणारे ग्लायकॉलिक आम्ल किंवा दह्यातील लॅक्टिक आम्ल लावले, की या विटांमधील चुना सैल होतो आणि पेशी लवकर सुटतात. सॅलिसिलिक आम्ल तेलात विरघळते, म्हणून ते तेलग्रंथींच्या छिद्रांत शिरू शकते. मुरुमांवर त्याचा उपयोग होतो तो यामुळेच. ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल याहून जहाल. अंडे उकडले की त्याचा पांढरा भाग जसा घट्ट होतो, तशी या आम्लाने त्वचेतील प्रथिने साकळतात आणि चेहऱ्यावर पांढुरका थर दिसू लागतो. फिनॉल तर आणखी खोल जाते. ते रक्तात शोषले गेल्यास हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. म्हणून ते वापरताना डॉक्टर हृदयाच्या ठोक्यांवर सतत नजर ठेवतात. तेव्हा स्पष्ट शब्दांत सांगायचे, तर पील ही खोली मोजून केलेली जखम आहे. ती भरून येताना नवी त्वचा तयार होते, एवढाच तिचा लाभ.

हा लाभ खोटा नाही. हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पाउल गेर्सोन उन्ना यांनी १८८२ साली सॅलिसिलिक आम्ल, फिनॉल इत्यादींचे त्वचेवरील परिणाम नोंदवले. १९७४ साली व्हॅन स्कॉट आणि यू या अमेरिकन संशोधकांनी ग्लायकॉलिक आम्लाच्या वर्गातील आम्ले अशा रुग्णांवर वापरून पाहिली, की ज्यांच्या त्वचेवर माशाच्या खवल्यांसारखे पापुद्रे धरतात. त्यांना गुण आला. आजही मुरुम, त्यांचे डाग, वांग यांवर तज्ज्ञ पीलचा उपयोग करतात. म्हणजे हे साधन रोग्यासाठी घडले आहे.

मग बाटली घरी आणली तर बिघडले कुठे? येथे तुमचे रसायनशास्त्र कामास येते. बाटलीवर ‘शेकडा ३०’ असे लिहिलेले असते. पण तेवढ्याने आम्लाची ताकद कळत नाही. त्वचेत सहज शिरतात ते आम्लाचे विद्युत्भाररहित रेणू. द्रावणाचा पीएच ३.८ असेल, तर ग्लायकॉलिक आम्लाचे निम्मे रेणू या स्थितीत असतात. पीएच २.८ झाला, की दहांपैकी नऊ, ४.८ झाला, तर दहांपैकी एकच. लेबलावरचा आकडा तोच, पण एका बाटलीचा मारा दुसरीच्या नऊपट! म्हणूनच १९९८ साली अमेरिकेतील प्रसाधनद्रव्यांच्या तज्ज्ञमंडळाने घरगुती वापरासाठी या आम्लांची मर्यादा शेकडा १० आणि पीएच किमान ३.५ अशी सुचवली. शिवाय वेळेचा प्रश्न आहेच. दवाखान्यात ग्लायकॉलिक आम्ल लावताना डॉक्टर घड्याळ पाहतात, त्वचेचा रंग पाहतात आणि वेळ येताच सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणाने आम्ल उदासीन करतात. घरी आरशासमोर हे कोण करणार? जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, तीव्र आम्लांचे पील तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय घेऊ नयेत, असा जाहीर इशारा दिला, तो याच कारणाने.

आपल्यासाठी आणखी एक धोका आहे. सावळ्या त्वचेला इजा झाली, की तेथील पेशी अधिक मेलॅनिन बनवतात आणि काळे डाग उमटतात. ते महिनोन् महिने जात नाहीत. उजळ होण्यासाठी लावलेले आम्ल चेहरा अधिकच काळवंडून जाते! नव्या कोवळ्या त्वचेला उन्हाचा त्रासही जास्त. आणि एवढे करून जन्मजात वर्ण बदलत नाहीच. मेलॅनिन बनवणाऱ्या पेशी आपले काम पुन्हा सुरू करतात. मेलॅनिन ही आपल्याला उन्हापासून राखणारी ढाल आहे. मुरुम हा विकार आहे, सावळेपणा हा विकार नव्हे. जो रोगच नाही, त्यावर आम्ल कशाला?

‘हे तर उसातले, नैसर्गिक आहे,’ असे कोणी सांगेल. कारखान्यात ग्लायकॉलिक आम्ल फॉर्माल्डिहाइड आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्यापासूनही बनवतात. रेणू तोच, गुण तेच. लिंबूही नैसर्गिकच आहे. पण त्याच्या रसाचा पीएच सुमारे २ असतो, हे विसरू नका.

मुरुमांमुळे चारचौघांत जावेसे वाटत नाही, हे दुःख मात्र खरे आहे. त्याला कोणी हसू नये. अशा मुलामुलींनी घरच्यांना सांगावे आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. खाजगी दवाखाना परवडत नसेल, तर वैद्यकीय महाविद्यालयांच्या सरकारी रुग्णालयांत त्वचारोग विभाग असतो. पुष्कळदा साध्या औषधांनीच काम भागते, पीलची गरजही पडत नाही.

शिक्षकांना एक विनंती. आम्ल आणि आम्लारी शिकवताना अशा एखाद्या बाटलीचे लेबल वर्गात वाचून दाखवावे. आम्ल कोणते, शेकडा किती, पीएच किती, वेळ किती, हे चार प्रश्न विद्यार्थ्यांना विचारू द्यावेत. पाचवा प्रश्न मात्र प्रत्येकाने स्वतःला विचारावयाचा आहे: मला बरे व्हायचे आहे, की कोणीतरी ‘तू गोरा नाहीस’ असे म्हटले म्हणून मी माझा चेहरा जाळायला निघालो आहे?