नाताळ म्हणजे फक्त येशूचा वाढदिवस का?

दर डिसेंबरात एक मेसेज फिरतो : बायबलमध्ये २५ डिसेंबर ही तारीखच नाही. खरे आहे. या तारखेची जुनी नोंद चौथ्या शतकातल्या रोमची. मार्क आणि योहान यांच्या शुभवर्तमानांत तर जन्मकथाही नाही. पण हा सण तारखेवर उभाच नाही.

ख्रिस्ती श्रद्धेनुसार देवाने माणसाचा देह घेतला, याचा हा सण. धर्मशास्त्रात याला देहधारणा म्हणतात. तीही राजवाड्यात नव्हे. लूक सांगतो, उतारशाळेत जागा नव्हती म्हणून बाळाला गव्हाणीत, गुरांना चारा घालतात तिथे ठेवले. बातमी आधी कळली ती रात्री मेंढरे राखणाऱ्यांना. १२२३ मध्ये संत फ्रान्सिस यांनी इटलीतल्या ग्रेच्चो गावी गवत, बैल आणि गाढव आणून हा प्रसंग उभा केला. वसईत घरोघरी होणारे नाताळ गोठे याच परंपरेतले. सांताक्लॉज, केक यांच्यावर रागावायचे कारण नाही. पण गोठ्यांची बक्षिसांसाठी चढाओढ लागते, तेव्हा रोषणाईत गव्हाणी शोधावी लागते.

अनेक कॅथलिक घरांत ती गव्हाणी २४ तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामीच असते. बाळाची मूर्ती मध्यरात्रीच्या मिस्सानंतर ठेवतात.