शाळा बंद करण्याआधी खिडक्या उघडा

पेण आणि रोहा तालुक्यांतल्या पालकांना, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभासदांना आणि ग्रामपंचायतीत बसणाऱ्यांना हे सांगणं आहे. सध्या साथ नाही, म्हणूनच आत्ता सांगतो. साथ आली की कुणी कुणाचं ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतं. तेव्हा रोज एक जीआर येतो आणि फाटकाला कुलूप लागतं.

गेल्या खेपेला, कोविडमध्ये, काय झालं ते एकदा आठवा. मार्च २०२० च्या मध्यावर शाळा बंद झाल्या. ३ जूनला निसर्ग वादळ आलं आणि जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांचे पत्रे नि कौलं उडाली. २३ नोव्हेंबरला नववी ते बारावीला परवानगी मिळाली, २७ जानेवारी २०२१ ला पाचवी ते आठवीला. दुसऱ्या लाटेत पुन्हा सगळं बंद. ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागात पाचवीपासून पुढचे वर्ग भरू लागले, आणि पहिली ते चौथीचा मुहूर्त निघाला १ डिसेंबर २०२१ चा. म्हणजे जून २०२० मध्ये पहिलीत बसायचं पोर प्रत्यक्ष वर्गात बसलं, तेव्हा त्याचं दुसरीचं निम्मं वर्ष सरलं होतं. जानेवारीत परत बंद, २४ तारखेपासून परत मुभा. या काळात ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ ही सरकारी मालिका मोबाइलवर यायची. ज्या वाडीत फोनला रेंज यायला टेकाडावर चढावं लागतं, तिथे ती कुणी पाहिली असेल?

परिणाम ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत दिसला. ग्रामीण भारतात दुसरीचा उतारा वाचू शकणारी तिसरीतली मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५ टक्के उरली. आकडा आधीच लाजिरवाणा होता, तो आणखी घसरला.

माझं म्हणणं एवढंच की आपण क्रम उलटा लावला. मोठी मुलं आधी, धाकटी शेवटी. डेन्मार्कने एप्रिल २०२० मध्येच बालवाड्या आणि पाचवीपर्यंतचे वर्ग आधी उघडले. मुलांचे छोटे गट केले आणि जमेल तितका वेळ त्यांना अंगणात ठेवलं. कारण साधं आहे. नववीचा मुलगा पुस्तक उघडून काहीतरी धडपड करतो, पहिलीच्या मुलाला समोर बाईच लागतात. आपल्याकडे तर हा क्रम जास्तच सोपा होता. वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत पट पंधरा-वीसचा, मुलं चालत येणारी, समोर अंगण, कडेला आंब्याचं झाड. एका वर्गात पंधरा ते वीस मुलं बसवा, असं सरकारी सूचनाच सांगत होत्या. या शाळांत तेवढी मुलं अख्ख्या शाळेत असतात! त्यांना शहरातल्या हायस्कुलाचा नियम लावून कुलूप ठोकायचं कारण नव्हतं. शिवाय दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघून जातात. शाळा चालू असली तर एखादं पोर आजीपाशी मागे राहतं. बंद असली तर तेही भट्टीवर जातं, आणि पुढच्या जूनला ते परत येईलच असं नाही.

खरी गर्दी असते पेण आणि रोहा शहरांतल्या हायस्कुलांत. एका तुकडीत साठ-सत्तर मुलं, एका बाकावर तिघं. पण लोक गर्दी वर्गातच शोधतात, ती सुरू होते रस्त्यावर. वडखळहून, हमरापूरहून, कामार्लीहून पेणला, किंवा कोलाड, नागोठणे, चणेरा या बाजूंनी रोह्याला येणारी मुलं मिनीडोरमध्ये गुडघ्याला गुडघा लावून बसतात. डिसेंबर २०२१ मध्ये शाळा उघडल्या तेव्हा एसटीचा संप चालू होता. मग काय, सगळ्याच मुलांना मिनीडोर आणि विक्रम रिक्षांशिवाय गत्यंतर नव्हतं. अर्धा तास असं कोंबून आल्यावर वर्गात सहा फुटांची पट्टी लावण्यात काय हशील?

म्हणून दोन पाळ्या करायची वेळ आली तर हजेरी क्रमांकाच्या सम-विषमवर करू नका. वाटेवर करा. वडखळ बाजूची मुलं एका गटात, शहरातली दुसऱ्यात. जी मुलं एका गाडीतून येतात ती एकाच खोलीत बसू देत. एकाला ताप आला तर तो गट चार दिवस घरी राहील, बाकी शाळा चालू राहील. भावंडं एकाच पाळीत घ्या, नाहीतर घरी दोन गटांची सरमिसळ होतेच. आई धाटावच्या कारखान्यात किंवा पेणच्या गणपतीच्या कारखान्यात कामाला असेल तर तिच्या वेळा आधी विचारा. जोहे-हमरापूर पट्ट्यात जून ते गणपती कुणाला श्वास घ्यायला सवड नसते. शाळेचं वेळापत्रक ठरवणाऱ्यांना हे ठाऊक नसेल तर ते सांगणं पालकांचं काम आहे.

आता खिडक्यांकडे येऊ. कोविडच्या काळात शाळाशाळांतून सॅनिटायझरचे कॅन आले, कपाळावर धरायची तापमानाची बंदूक आली, बाकांवर औषध फवारलं गेलं. हात धुवावेत, त्याला ना नाही. हगवण आणि कावीळही त्याने टळते. पण हा आजार मुख्यतः हवेतून पसरतो. एप्रिल २०२१ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेनेही लिहून टाकलं की हवा न खेळणाऱ्या, गर्दीच्या खोल्यांत तो धोका जास्त असतो. २०२२ च्या शेवटी मुंबई, भिवंडी, मालेगावला गोवर उसळला, तोही हवेतूनच पसरणारा. तेव्हा पुढची साथ कुठलीही असो, वर्गातली हवा बदलती ठेवण्यावर केलेला खर्च वाया जायचा नाही.

उद्या शाळेत जाल तेव्हा वर्गात शिरून एक करा. मुलं मधल्या सुट्टीनंतर अर्धा तास बसलेली असताना बाहेरून आत या आणि नाकाला विचारा. कोंदट वाटलं, घामट वास आला, की समजा सगळे एकमेकांचा उच्छ्वास घेतायत. यंत्र लागत नाही. मग खिडकी बघा. तीन झडपांपैकी एक रंगाने चिकटलेली, दुसरीच्या चौकटीत खिळा वाकवून ठोकलेला, तिसरीसमोर कपाट. वरचा झरोका वहीच्या पुठ्ठ्याने बुजवलेला, कारण तिथून कबुतरं येतात. कबुतरांसाठी जाळी लावा, पुठ्ठा काढा. एका सुताराचं एका दिवसाचं काम आहे.

आपल्या कोकणात अडचण आहे पावसाची, आणि ती पुण्या-मुंबईतल्या सूचना लिहिणाऱ्यांना सुचत नाही. जून ते सप्टेंबर झड आत येते, पुस्तकं भिजतात, म्हणून बाई खिडक्या लावून घेतात. त्यांचं चुकत नाही. उपाय खिडकीच्या वर आहे: पत्र्याचा पुढे आलेला उतार, हात-दीड हात. मग मुसळधार पावसातही निदान वरची झडप उघडी राहते. समोरासमोरच्या भिंतींत उघडं तोंड हवं, एकाच बाजूची खिडकी उघडून वारा वाहत नाही. ज्यांच्या शाळेला पडवी आहे त्यांनी ती जुन्या बाकांचं गोदाम करू नये. गणपतीत आपण आठ दिवसांत एवढे मांडव घालतो. शाळेच्या अंगणात दिवाळीनंतर एक मांडव घातला तर दोन तुकड्या मेपर्यंत बाहेर बसतील. पोषण आहाराच्या वेळी मास्क उतरतो आणि गप्पा रंगतात, तेव्हा पंगत तरी नक्की बाहेरच बसवावी.

पालकांना एक वेगळी गोष्ट. ताप-खोकला असलेलं पोर शाळेत पाठवू नका, हे सगळे सांगतात. पण पाठवलं जातं, कारण घरी बघायला कुणी नाही, रोज बुडतो, आणि शाळेत शंभर टक्के हजेरीचं बक्षीस असतं. साथीच्या वर्षी ते बक्षीस बंद करा, असं मुख्याध्यापकांना सांगा. काही मुलींना हजेरीमागे रोज एक रुपया भत्ता मिळतो. आजारपणाच्या दिवसापायी तो कापला जाऊ नये, हेही समितीने लावून धरावं. आजारी मुलाला घरी ठेवणाऱ्या आईला शिक्षा आणि पाठवणाऱ्याला बक्षीस, असा व्यवहार असेल तर सूचनांचे कितीही फलक लावा, उपयोग नाही.

हे सगळं सांगायचं कुणाला? शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात, आणि समितीत निम्म्या स्त्रिया. कागदावर. सभा न होता वहीवर सह्या घरोघर फिरवून घेतल्या जातात, हे तुम्हालाही माहीत आहे. पुढच्या वेळी वही दारात आली तर सही करू नका, सभा घ्या म्हणा. शिक्षक वाईट म्हणून नव्हे, त्यांच्यावर निवडणुकीपासून जनगणनेपर्यंत बाकीची कामं असतात. पण खिडकीचा पत्रा त्यांनी पदरच्या पैशांनी बसवावा अशी अपेक्षाही नको.

हात धुवायच्या नळांसाठी वेगळी वर्गणी काढू नका. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशांतला एक भाग ग्रामपंचायतींना पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिला गेला. तशा बांधील निधीतून शाळेची नळ-रांग आणि शौचालयाच्या पाण्याची सोय करता येते. १५ ऑगस्टला झेंडावंदनाला निम्मा गाव शाळेच्या पटांगणात असतोच. त्याच दिवशी ग्रामसभा असेल तर विषय मांडा: नळ, पत्र्याचा उतार, झरोक्याची जाळी. तोंडी ‘बघू’ म्हटलं तर ऐकून घेऊ नका. ठराव इतिवृत्तात लिहून घ्या, ठराव क्रमांक विचारा, आणि सभा संपायच्या आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे त्याची प्रत मागा.