क्रीडाविचार : पॅरिसच्या उंबरठ्यावर चीन

येत्या २७ जुलैपासून पॅरिस ऑलिंपिकमधील टेबल टेनिसच्या लढती सुरू होत आहेत. एरवी या खेळाविषयी स्पर्धेपूर्वी लिहिण्याजोगे फारसे नसते. १९८८ साली सेऊलमध्ये हा खेळ ऑलिंपिकमध्ये दाखल झाला. तेव्हापासून टोकियोपर्यंतच्या ३७ सुवर्णपदकांपैकी ३२ चीनने नेली. महिला एकेरीचे सुवर्ण तर अद्याप अन्य कोणत्याही देशाला लाभलेले नाही. २००८ साली बीजिंगमध्ये दोन्ही एकेरींतील सहाही पदके चिनी खेळाडूंना मिळाली, आणि पुढील ऑलिंपिकपासून एकेरीत एका देशाचे दोनच खेळाडू असा दंडक आला.

तरीही या वेळी चिनी गोटात निश्चिंती नाही, आणि तिचे मूळ टोकियोत आहे. २६ जुलै २०२१ रोजी मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात शू शिन व लिऊ शिवेन यांनी जपानच्या मिझुतानी-इतो जोडीविरुद्ध पहिले दोन्ही गेम जिंकले, आणि अखेर सामना ३-४ असा गमावला. त्यानंतर लिऊ शिवेनने अश्रू ढाळीत देशाची क्षमा मागितली. रौप्यपदकासाठी क्षमा! ज्या पेढीची हुंडी कधी नाकारली गेली नाही, तिची एक हुंडी परत आली की साऱ्या बाजारात तिचीच चर्चा होते, तसेच हे झाले.

यंदाच्या फेब्रुवारीत बुसानच्या जागतिक सांघिक स्पर्धेत दोन्ही अजिंक्यपदे चीननेच राखली. परंतु कशी राखली, ते पाहण्यासारखे आहे. पुरुष संघ उपांत्य लढतीत दक्षिण कोरियाविरुद्ध १-२ असा मागे पडला होता. महिलांना अंतिम लढतीत जपानने ३-२ पर्यंत झुंजविले. आणि त्याआधी, गटातील लढतीत, आपल्या ऐहिका मुखर्जीने सुन यिंगशाला व श्रीजा अकुलाने वांग यिदीला पराभूत केले होते. भारत २-१ ने आघाडीवर होता. लढत शेवटी २-३ अशी गेली. (जगातील अग्रमानांकित खेळाडूला नमविणारी ऐहिका पॅरिससाठी केवळ राखीव आहे. निवडीमागे निकष असतील. मला मात्र ती संघात हवी होती.)

पॅरिसमध्ये महिला एकेरीची चिंता चीनने करू नये. सुन यिंगशा व चेन मेंग याच टोकियोप्रमाणे पुन्हा अंतिम फेरीत समोरासमोर येतील, असे वाटते. पुरुषांकडे कसोटी अधिक कठीण आहे. पाच सुवर्णपदकांचा धनी मा लोंग पस्तीस वर्षांचा असून या वेळी तो केवळ सांघिक लढतींत खेळेल. एकेरीची धुरा वांग चुचिन व फान झेंदोंग यांच्यावर आहे. वांग टोकियोत राखीव होता. ऑलिंपिकच्या एकेरीत तो प्रथमच उतरत आहे. फान तेथे अंतिम सामन्यात मा लोंगकडून हरला होता. समोर हारिमोतो आहे, ब्राझीलचा काल्देरानो आहे, आणि घरच्या प्रेक्षकांपुढे खेळणारा, लेखणीसारखी बॅट धरणारा सतरा वर्षांचा फेलिक्स लब्रं आहे.

मिश्र दुहेरीचा अंतिम सामना ३० जुलैला, म्हणजे एकेरीचे निकाल लागण्यापूर्वीच होईल. त्या दिवशी वांग चुचिन व सुन यिंगशा जिंकले, तर उरलेली चारही सुवर्णे चीनची, असे मी आजच लिहून ठेवतो. ते हरले, तर पुरुष एकेरीत मी फान झेंदोंगकडेच डोळे लावून बसेन.